कर्ता नसलेले वाक्य

शनिवारवाड्यातील मृत्यूंना मराठी साहित्याने जवळ केले. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे ‘ध’चा ‘मा’ भाषेत रुजला. १७९५ मध्ये त्याच वाड्यात वरून कोसळून गेलेल्या सवाई माधवरावांवर खाडिलकरांनी नाटक लिहिले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीच्या राजकुळातही एका मुलाचा अंत घरातच झाला. त्याच्या वाट्याला आले ते ‘इंपीरियल गॅझेटियर’मधील जेमतेम एक वाक्य.

१८०३ मध्ये खेम सावंत पुत्रावाचून वारले. वारशाचा तंटा १८०५ पर्यंत चालला आणि अखेर त्यांची विधवा राणी लक्ष्मीबाई हिने रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब यास दत्तक घेतले. तो तीन वर्षे जगला. नंतर बिछान्यात त्याचा गळा आवळण्यात आला, असे गॅझेटियर सांगते. कर्मणी प्रयोगाची सोय अशी, की त्यात कर्त्यावाचून वाक्य पुरे होते.

त्या एका वाक्यातून काय निष्पन्न होते, ते पाहू. विषप्रयोग झाला असता तर दुखण्याचे निमित्त सांगता आले असते. आवळलेल्या गळ्याला तसे निमित्त नाही. ‘बिछान्यात’ या शब्दावरून घराचा आतला भाग सूचित होतो. राजवारसाच्या अंथरुणापर्यंत पोचायचे, तर पहारा आणि दासदासी ओलांडाव्या लागतात, किंवा त्यांतलेच कोणी सामील असावे लागते. आम्हांस दुसरी शक्यता अधिक पटते. मग हात एकाचा आणि इच्छा दुसऱ्याची, असे दोन कर्ते मानावे लागतात.

इच्छा कोणाची? भाऊसाहेबाच्या जागी फोंड सावंत आला. गॅझेटियर त्यास ‘अज्ञान’, म्हणजे वयात न आलेला, म्हणते. बालकावर संशय कोण घेणार? पण थोडे पुढे वाचावे. १८१२ मध्ये याच फोंड सावंताने तह करून वेंगुर्ले बंदर इंग्रजांस दिले, तो लवकरच वारला आणि मागे गादीवर आला तो त्याचा आठ वर्षांचा मुलगा. म्हणजे भाऊसाहेबाच्या मृत्यूसमयी फोंड सावंत तीन-चार वर्षांच्या मुलाचा बाप होता! एकवीस वर्षांखालील तो अज्ञान, या इंग्रजी कायद्याच्या अर्थाने तो शब्द कदाचित टिकेल. ‘लहान मूल’ या अर्थाने टिकत नाही.

याने गुन्हा शाबीत होत नाही. लाभ झाला म्हणजे कृत्य केले, असे नव्हे. त्याच्या नावाने कारभार करू पाहणाऱ्यांनाही लाभ होताच. मात्र एका विशेषणाने ज्यास संशयाबाहेर ठेवले होते, त्यास पुन्हा संशयितांत बसवावे लागते. १८०३ च्या युद्धात शिंदे इंग्रजांकडून हरले होते, हेही ध्यानी घ्यावे. त्या घराण्यातून आलेल्या लक्ष्मीबाईचा माहेरचा आधार तेव्हा दुबळा झाला होता.

दरबारी इतिहासातील कर्मणी प्रयोग आपण सहसा शैली म्हणून वाचतो. येथे तो एका मुलाच्या मृत्यूचा शेवटचा पहारेकरी आहे. रिकाम्या कर्तृस्थानी आपल्या मनाचे नाव भरू नये. पण ते स्थान रिकामे आहे, हे विद्यार्थ्यांस दाखविल्यावाचून पुढेही जाऊ नये.