घाशीरामचा पहिला प्रयोग: पुणे नेमके कशावर संतापले?

#थ्रेड

गुन्हेगारीवरच्या एखाद्या काळोख्या मालिकेचा पहिला भाग आला की त्याच रात्री प्रेक्षकांत दोन तट पडतात. एकाला तिचे धाडस भावते; दुसरा विचारतो, आमच्या गावाला एवढे काळे का रंगवले? पुण्याला हे भांडण जुने आहे. पुण्यात दूरचित्रवाणी पोहोचण्याआधीच ते एकदा कडाक्याने झाले होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १६ डिसेंबरला, भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला.

संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची. रंगमंचावर एका ओळीत उभे असलेले ब्राह्मण क्षणात भिंत होत, क्षणात जमाव. त्या माणसांच्या पडद्याआड काय चालले आहे हे प्रेक्षकाला दिसत असे, आणि पडदा मात्र भजनात दंग असे. दशावतारी खेळ, कीर्तन, लावणी या घरच्याच रूपांतून एवढे निर्दय काही सांगता येते, याचाच अनेकांना धक्का बसला.

कथानकही तसेच होते. पुण्यात अपमानित झालेला परप्रांतीय घाशीराम सूड म्हणून आपली मुलगी नाना फडणवीसांपुढे ठेवतो आणि बदल्यात कोतवाली मागतो. पुढे शहरभर परवाने, छापे, अटका. मोहन आगाशे यांचा नाना लंपट आणि धूर्त होता. पेशवाईच्या पडत्या काळात राज्य सावरणारा मुत्सद्दी म्हणून ज्या नानांना पुण्याने पाठ्यपुस्तकातून ओळखले होते, त्यांचे हे दर्शन सहन होण्यासारखे नव्हते. नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, इतिहासाचा विपर्यास असे आरोप सुरू झाले.

तेंडुलकरांचे उत्तर असे की हे ऐतिहासिक नाटक नव्हेच. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवते, हा त्याचा विषय आहे. उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नव्हे. नावे खरी, शहर खरे, आणि मुलीचा सौदा कल्पित. अशा वेळी आक्षेप घेणाऱ्याला केवळ अरसिक म्हणून हिणवता येत नाही.

एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने, म्हणजे मुख्यतः अध्यक्ष भालबा केळकरांनी, नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे राहिले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी विरोध पुन्हा उफाळला. दौरा तरीही झाला.

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. नाटकाच्या मुळाशी खरा गुन्हा होता.

घाशीराम सावळदास औरंगाबादकडून आलेला उत्तर भारतीय ब्राह्मण. १७७७ मध्ये तो पुण्याचा कोतवाल झाला. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला धरण्याचा अधिकार कोतवालीकडे होता. असा अधिकार चौदा वर्षे एकाच हाती राहिला. १७९१ च्या श्रावणात दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी चौतीस जणांना त्याच्या माणसांनी पकडून एका कोंदट जागेत कोंडले. बागेतली फळे तोडली, एवढेच निमित्त सांगितले जाते. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडले तेव्हा एकवीस जण गुदमरून मेलेले होते.

बातमी पेशव्यांपर्यंत गेली. सवाई माधवराव तेव्हा सतरा वर्षांचे, कारभार नानांचा. तेलंगी ब्राह्मण नानांच्या वाड्याभोवती जमले आणि हटेनात. नानांनी आधी टाळाटाळ केली. त्या वेळी पुण्यात असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानेही हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. पुढे मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले. म्हणजे तेंडुलकरांच्या शतकभर आधीच घाशीराम मराठी गद्यात आलेला होता.

नाटकाविरुद्धचा सारा संताप नानांच्या चारित्र्यापाशी अडकला. एकवीस प्रेतांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. मुलीचे कथानक खोटे ठरवल्याने नानांवरचा एक डाग पुसला जातो. चौदा वर्षे असा कोतवाल कोणाच्या वरदहस्ताने टिकला, हा प्रश्न तसाच राहतो. तो नाटकाने नव्हे, कागदपत्रांनीच विचारलेला आहे. समर्थकांचीही गत फार वेगळी नव्हती. त्यांनी अभिव्यक्तीची बाजू जोमाने लढवली, पण ‘हे रूपक आहे’ असे सांगत १७९१ ला सोयीस्कर बगल दिली.

३१ ऑगस्टला घाशीरामाची धिंड काढून त्याला गारपीरच्या मैदानावर नेले, जमावाच्या हवाली केले आणि दगडांनी ठेचून मारले. नाटकात नाना यानंतर तीन दिवसांचा उत्सव जाहीर करतो. तो उत्सव तेंडुलकरांच्या कल्पनेतला आहे. कोतवालाला जमावाच्या हाती देण्याचा हुकूम मात्र खऱ्या नानांचा होता.