हंटिंग्टन ग्रंथालय

हंटिंग्टन ग्रंथालय, कलासंग्रहालय व वनस्पतिउद्यान ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन मरिनो येथील संस्था आहे. रेल्वे-उद्योजक हेन्री हंटिंग्टन (१८५०–१९२७) व त्यांच्या पत्नी अराबेला यांनी १९१९ मध्ये ही वास्तू व संग्रह विश्वस्तांच्या स्वाधीन केले. १९२८ मध्ये ते जनतेस खुले झाले.

चर्मपत्रावर छापलेले गुटेनबर्ग बायबल आणि चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चे एल्समिअर हस्तलिखित ही ग्रंथसंग्रहाची भूषणे होत. सामान्य प्रेक्षकास मात्र दालनात मांडलेले निवडक ग्रंथच पाहता येतात. उरलेला संग्रह अभ्यासकांसाठी आहे. ज्ञान खुले करण्याची या ग्रंथालयाची खरी कसोटी १९९१ मध्ये लागली. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचा अप्रकाशित भाग मूठभर संपादकांनी अनेक दशके स्वतःपुरता राखला होता. त्यांची छायाचित्रे ग्रंथालयाजवळ होती. विरोध न जुमानता ती सर्व अभ्यासकांना उपलब्ध करून देण्यात आली.

हंटिंग्टन यांच्या जुन्या निवासस्थानातील कलादालनात गेन्सबरोचे ‘ब्लू बॉय’ हे चित्र आहे. उद्यानांत जपानी व चिनी बागा अधिक लोकप्रिय असल्या, तरी निवडुंगांची बाग सावकाश पाहण्याजोगी आहे. हंटिंग्टन यांना प्रारंभी निवडुंग नापसंत होते. उद्यानप्रमुख विल्यम हर्ट्रिख यांच्या आग्रहाने १९०७ मध्ये त्यांची लागवड सुरू झाली.