अल-झहरावीची लेखणी आणि जपून ठेवायची कातडी

काही मुले सुंता होऊनच जन्माला येतात, असे आपल्याकडे म्हणतात. तुर्कस्तानात त्याला 'पैगंबरी सुन्नत' असेच नाव आहे. घरातली म्हातारी माणसे खूश होतात. पण अशा बाळाला खालच्या बाजूने नीट पाहावे. पुढची कातडी फक्त वर टोपीसारखी आणि लघवीचे छिद्र टोकाऐवजी खाली असेल, तर तो हायपोस्पेडियास आहे. हा जन्मजात दोष आहे, करामत नव्हे.

कॉर्डोबाच्या अल-झहरावीने इ. स. 1000 च्या सुमारास 'अत्-तसरीफ' हा 30 भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याच्या शस्त्रक्रियेच्या शेवटच्या भागात हा दोष आहे. अशा मुलाला हाताने लिंग उचलल्याशिवाय समोर लघवी करता येत नाही आणि पुढे संतती होणेही कठीण, हे त्याने नोंदवले. इलाज मात्र कठोर. बोरूची लेखणी तासावी तसे टोक तासायचे, म्हणजे छिद्र मधोमध येते. रक्तस्रावाला जपा, असेही बजावतो. ही रीत मुळात ग्रीक वैद्यांची.

थोडे पुढे सुंतेचे प्रकरण येते. तिथे तो म्हणतो की, प्राचीनांत ही चाल नसल्याने त्यांनी यावर लिहिले नाही. आम्ही सांगतो ते आमच्या अनुभवाचे. हा प्रामाणिकपणा मला त्याच्या हत्यारांच्या चित्रांपेक्षा मोठा वाटतो. सुवर्णयुगाचे गोडवे गाणारे आपले वक्ते मात्र चित्रांवरच थांबतात.

1465 मध्ये अमास्याच्या शरफुद्दीन साबुंजुओग्लूने झहरावीच्या आधारे तुर्कीत सचित्र ग्रंथ लिहून सुलतान मुहम्मद फातिहला अर्पण केला.

झहरावीला ही दोन प्रकरणे जोडायची गरज नव्हती. तासायला जादा कातडी लागत नाही. मूत्रमार्गाची नळी नव्याने घडवायचे ठरले तेव्हा ती लागली. पॅरिसच्या द्युप्लेने 1874 मध्ये अशी नळी करण्याची पद्धत मांडली. 1994 मधली स्नॉडग्रास यांची पद्धत आज सर्वत्र वापरतात. शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात होते, आणि नळीवर आवरण घालायला किंवा नवी नळी करायला पुढचीच कातडी कामी येते. ती आधी कापून टाकली तर सर्जनचे काम अवघड होते. म्हणून अशा बाळाची सुंता आधी करायची नाही, बालशल्यचिकित्सकाला दाखवायचे.

सुंतेसाठी शरियतने एकच दिवस बांधून दिलेला नाही. कुठे सातवा दिवस, कुठे सातवे वर्ष. आणि शस्त्रक्रियेत कातडी वापरली गेली की बहुधा सुंताही त्यातच उरकते.