मॅन्डेल-विल्सन तेजोमेघ

आकाशगंगेच्या प्रतलापासून दूर, एरवी रित्या वाटणाऱ्या आकाशात पसरलेले अतिमंद धूळमेघ. अमेरिकेतील हौशी आकाशनिरीक्षक स्टीव्ह मॅन्डेल यांनी मायकेल विल्सन यांच्यासह एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांची छायाचित्रे घेऊन सूची करायला घेतली. सूचीतील मेघ ‘एमडब्ल्यू’ या अक्षरांनी व क्रमांकाने ओळखले जातात. एमडब्ल्यू ९ हा दक्षिण खगोलीय ध्रुवाच्या परिसरातला. या वर्गाचे ‘इंटिग्रेटेड फ्लक्स नेब्युला’ हे नावही मॅन्डेल यांनीच दिले.

नेहमीचा परावर्तन तेजोमेघ जवळच्या एखाद्या ताऱ्यामुळे उजळतो. या मेघांना असा तारा नाही. साऱ्या आकाशगंगेचा एकत्रित प्रकाश त्यांच्या धुळीवरून विखुरतो. ॲलन सँडेज यांनी पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीच्या छायापट्टिकांवरून १९७६ मध्येच हे मांडले होते. १९८३ च्या ‘आयरास’ उपग्रहाला हीच धूळ अवरक्त प्रकाशात दिसली. तरीही दृश्य प्रकाशात तिचा पद्धतशीर मागोवा घेण्याचे काम हौशींनी मनावर घेतले, हे त्यांचे मोठेच श्रेय.

या कामाला प्रचंड दुर्बीण लागत नाही. कमी नाभीय अंतराची, विस्तृत क्षेत्र टिपणारी दुर्बीण, संवेदनशील सीसीडी कॅमेरा, खरोखर काळोखे आकाश आणि तासन्‌तासांचे उद्भासन लागते. खरी कसोटी पुढेच असते. प्रकाशप्रदूषण वजा करणारी संगणकीय प्रक्रिया जरा कठोर झाली, तर खरा मेघ पुसला जातो. कॅमेऱ्यातील असमान प्रकाशाची दुरुस्ती चुकली, तर नसलेला मेघ उमटतो. चित्र ‘आयरास’च्या अवरक्त नकाशाशी ताडून पाहण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

सप्तर्षी तारकासमूहातील एम ८१ व एम ८२ या दीर्घिकांभोवती असे मेघ दाट आहेत. दीर्घिका सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर, धूळ मात्र आपल्याच आकाशगंगेतली. हॅल्टन आर्प यांना १९६५ मध्ये एम ८१ जवळ आढळलेले कडे बरेचसे या धुळीचेच असल्याचे २०१० च्या अभ्यासांतून पुढे आले. दीर्घिकांच्या मंद कडा मोजणाऱ्या प्रत्येकाला त्यामुळे ही धूळ आधी ओळखावी लागते.

ॲडॉल्फ विट यांच्यासह मॅन्डेल सहलेखक असलेला शोधनिबंध २००८ मध्ये ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आला. या मेघांचा काही तांबूस प्रकाश परावर्तित नसून धूलिकणांच्या स्वतःच्या प्रकाशदीप्तीचा आहे, असे त्यात दाखवले आहे.