दोन सूर्योदयांचा प्रवास

परवा सहज फोनवर पर्थ ते लंडन विमानाची वेळ बघत होतो. सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर, मधे कुठेही न थांबता, साधारण सतरा तास. पहिला विचार काय आला सांगू? बापरे, सतरा तास एका खुर्चीत! आणि मग मला आजची गोष्ट आठवली.

साल 1942. फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हातात गेलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग मधोमध तुटला. सैन्याची कागदपत्रं, टपाल, अधिकारी न्यायचे कसे? एकच वाट उरली: हिंदी महासागर एका दमात ओलांडायचा. एका टोकाला पर्थची स्वान नदी, दुसऱ्या टोकाला श्रीलंकेतलं, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधलं, कोग्गला सरोवर. विमानतळ म्हणाल तर हेच, कारण ही कॅटलिना विमानं पाण्यावरच उतरायची. अंतर सरळ रेषेत सुमारे 5,650 किलोमीटर. आजच्या जेटला सात तास खूप झाले.

क्वांटास कंपनीने 1943 च्या मध्यावर ही सेवा सुरू केली, अर्थातच गुपचूप. वेळ लागायचा 27 ते 33 तास! सगळ्यात लांबलेली फेरी 32 तास 9 मिनिटांची. म्हणजे सरासरी वेग ताशी 175 किलोमीटरच्या आसपास. एवढं इंधन भरलं की उरलेल्या वजनात बसायचे फक्त तीन प्रवासी आणि 69 किलो टपाल. बस्स.

वाटेत जपानी विमानांचा टापू होता. तो अंधारात पार पडावा असं वेळेचं गणित बसवलेलं. रेडिओ जवळजवळ बंदच. विमानात शस्त्रं नाहीत. खाली पाणी, वर चांदणं, आणि त्या चांदण्यावरूनच दिशा काढायची. पाचही विमानांना नावं ताऱ्यांची होती, आणि हे वाचून मला फार गंमत वाटली, कारण हे तारे आपल्या ओळखीचे. अल्टेअर म्हणजे आपला श्रवण, व्हेगा म्हणजे अभिजित, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, स्पायका म्हणजे चित्रा. पाचवा रायगेल, तो मृगातला.

विचार करा, इंजिनाची घरघर, पाय पसरायला जागा नाही, आणि आपण नेमके कुठे आहोत हे कुणालाच कळवायचं नाही. पोचलो तर पोचलो. एकाच प्रवासात दोनदा सूर्य उगवताना दिसायचा, म्हणून प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदया’च्या गुप्त मंडळाचं सदस्य केल्याचं प्रमाणपत्र मिळायचं. युद्धात सुद्धा माणसाला गंमत सुचते ती अशी.

1945 च्या जुलैपर्यंत 271 फेऱ्या झाल्या. एकही विमान, एकही माणूस गमावला नाही. दरम्यान 1944 मध्ये याच समुद्रावरून जमिनीवर उतरणारी लिबरेटर विमानं आली आणि वेळ आला साधारण सतरा तासांवर. हो, तेच सतरा तास! क्वांटासचा प्रसिद्ध कांगारू विमानावर पहिल्यांदा रंगवला गेला तोही याच लिबरेटरवर.

आणि ती पाच कॅटलिना? ती उसनवारीच्या करारावर आलेली होती. युद्ध संपल्यावर करारातल्या अटीप्रमाणे ती समुद्रात नेऊन बुडवली. चित्रा, ज्येष्ठा, श्रवण, अभिजित, सगळी.