सातबारा : दप्तरातून संगणकात

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बिंदुसरा तलावाजवळ पाली हे गाव लागते. अशा गावातील शेतकऱ्याचा सर्वांत मोलाचा कागद त्याच्या घरात नसे. तो तलाठ्याच्या दप्तरात असे. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क, बारामध्ये पिके. दोन्ही मिळून सातबारा. त्यावाचून पीककर्ज मिळत नाही.

मराठवाड्यात या दप्तराचे थर आहेत. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. त्याआधीचे महसुली कागद बहुतांशी उर्दूत, काही मोडीत. त्यानंतर १९५४-५५ चे खासरा पत्रक, मग मराठी सातबारा. पुढे एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. दर वेळी कोणीतरी जुने वाचले आणि नवे लिहिले.

केंद्राने १९८८-८९ मध्ये निवडक जिल्ह्यांत भूमी अभिलेखांचे संगणकीकरण सुरू केले. कागद संगणकात नेण्याच्या वाटा दोन. पहिली, त्याचे चित्र घेणे. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-फोर आकाराच्या पानावर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. एकेक ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदवले, तरी सुमारे ११ लाख बाइट लागतात. दुसरी वाट म्हणजे मजकूर टंकित करणे. दोन हजार देवनागरी चिन्हे युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत (यूटीएफ-८) सहा हजार बाइटांत मावतात, शिवाय त्यांत नाव शोधता येते. मग चित्र कशाला हवे?

आपण एक हिशेब वर्गात करून पाहू. जुन्या नोंदीत २-२० असे आहे, म्हणजे २ एकर २० गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून हे अडीच एकर, सुमारे १ हेक्टर १ आर. टंकणाऱ्याने तेच २ हेक्टर २० आर असे वाचले, तर क्षेत्र साडेपाच एकरांच्या जवळ जाते. संगणक हा आकडा बिनतक्रार जपून ठेवील! चित्रात मात्र मूळ २-२० तसेच राहते, आणि भांडण मिटवायला तेच लागते.

म्हणूनच २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचन झाले : हस्तलिखिताशी जुळवलेला संगणकीय सातबारा गावापुढे वाचायचा, चूक निघाली तर दुरुस्त करायची. इतक्या नव्या यंत्राला इतकी जुनी तपासणी लागली, याचे आम्हांला नवल वाटत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला.

सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील जुनी दप्तरे पुन्हा उघडली. सापडलेली पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. पण त्याआधी ती वाचावी लागली, आणि त्यासाठी मोडी व उर्दू जाणणारी माणसे शोधावी लागली.