बिबट्याच्या हल्ल्यातील जखमा (आरे कॉलनी)
बिबट्याचे दात व नख्या यांमुळे माणसाला होणारी, बहुधा मान, डोके व खांद्यावरची खोल जखम. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला (पहा) लागून असलेल्या आरे कॉलनीत अशा घटनांची नोंद आहे. १९४९ मध्ये दुग्धवसाहत म्हणून वसलेल्या या भागात तबेले, आदिवासी पाडे व झोपडवस्ती जंगलाला भिडलेली आहेत. कचऱ्यावर जगणारी भटकी कुत्री हे बिबट्याचे मुख्य भक्ष्य. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये येथे लागोपाठ हल्ले होऊन अनेक जण जखमी झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, एक बालिका दगावली.

सुळ्याची जखम वरून जेमतेम बोराएवढी दिसते, पण आत स्नायू, रक्तवाहिनी किंवा मणक्यापर्यंत पोचलेली असू शकते. वरवर पाहून मलमपट्टी करण्याची चूक इथेच होते. मानेवर चावा असल्यास एक्स-रे वा सीटी स्कॅन लागतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुतात. हळद, चुना, तिखट लावू नये. रक्त आलेला चावा रेबीजच्या (पहा) तिसऱ्या वर्गात मोडतो, म्हणून लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. धनुर्वाताचे (पहा) इंजेक्शन व प्रतिजैविके आवश्यक. पास्चुरेला जीवाणूमुळे जखम चोवीस तासांतही चिघळते. त्यामुळे शक्य तेथे टाके लगेच घालत नाहीत. लशीच्या पुढच्या मात्रा जखम भरली म्हणून सोडू नयेत.

जखमी व मृतांच्या वारसांना राज्य शासन वनविभागामार्फत अर्थसाहाय्य देते; त्यासाठी पंचनामा व वैद्यकीय प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. (पहा : मानव-वन्यजीव संघर्ष).